निमलष्करी म्हणजे अर्धं लष्कर नव्हे

सिंदेवाही तालुक्यातल्या एका गावातून प्रश्न आलाय. ग्रामपंचायत प्रजासत्ताक दिनाला गावातल्या निवृत्त जवानांच्या नावांचा फलक लावणार आहे. एक जण लष्करातून निवृत्त झालेले, एक बीएसएफमधून, एक सीआरपीएफमधून. पेंटरने तिघांच्याही नावापुढे 'भारतीय सेना' लिहून टाकलं. ते बरोबर नाही म्हणून कुणीतरी 'निमलष्करी दल' सुचवलं, तर बीएसएफवाले काका उखडले : "निम म्हंजे अर्धा न? मंग मी का अर्धी नवकरी केलो का?" आता विचारणाऱ्याला दोन गोष्टी हव्यात. हा शब्द बरोबर की चूक, आणि फलकावर लिहायचं काय.

काकांचा आक्षेप रास्त आहे. 'निम' हा फारसी 'नीम', आणि त्याचा अर्थ अर्धाच. निमगोरा, नीमहकीम हे शब्द आपण त्याच अर्थाने वापरतो. इंग्रजीतल्या 'सेमी'साठीही तो चपखल बसला : निमसरकारी, निमशहरी. पण 'पॅरामिलिटरी'मधला 'पॅरा' निराळा आहे. तो मूळचा ग्रीक, आणि त्याचा अर्थ शेजारी, बाजूला. मराठीत 'सेमी' आणि 'पॅरा' दोघांनाही एकच 'निम' लावला गेला आणि फरक पुसला गेला. 'पॅरामेडिकल'चं 'निमवैद्यकीय' झालं तेही असंच. ग्रामीण रुग्णालयात रक्त तपासणारा तंत्रज्ञ त्याचं काम अर्धं करत नाही, डॉक्टरच्या जोडीने पूर्ण करतो. हिंदीने 'अर्धसैनिक' म्हणून शंकेला जागाच ठेवली नाही.

लष्कराच्या शेजारी म्हणजे कसं, ते या दलांमधल्या पदांच्या नावांवरून लगेच कळतं. लष्करात शिपाई, नाईक, हवालदार, सुभेदार. सीआरपीएफ-बीएसएफमध्ये कॉन्स्टेबल, हेड कॉन्स्टेबल, उपनिरीक्षक, निरीक्षक. म्हणजे पदं ठाण्यातली. पण तुकड्यांची नावं पाहा : बटालियन, कंपनी, प्लाटून. ती छावणीतली. निवडणुकीआधी 'केंद्रीय दलाच्या कंपन्या दाखल' ही बातमी आपण वाचतो, त्यातली कंपनी हीच. बांधणी लष्करासारखी, काम पोलिसाचं, आणि वर संरक्षण नव्हे तर गृह मंत्रालय.

पोलीस सीमेवर कसे, असं कुणी विचारेल. पण स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षं सीमेवर पोलीसच उभे होते. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जजवळ चिनी सैन्याच्या हल्ल्यात पडले ते पोलीस जवान होते. दरवर्षी २१ ऑक्टोबरला जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयात शोक-सलामी होते, ती त्यांच्यापासून सुरू झाली. पाकिस्तानच्या सीमेवर तर राज्याराज्यांची सशस्त्र पोलीस दलं असत. एप्रिल १९६५मध्ये कच्छच्या रणात सरदार चौकीवर पाकिस्तानी फौज चालून आली, तेव्हा तिथे सीआरपीएफ आणि गुजरातचे राखीव पोलीस होते. चौकी लढवली गेली खरी, पण सीमा अशी वाटून सांभाळता येणार नाही हे तेव्हा कळलं, आणि १ डिसेंबर १९६५ला सीमा सुरक्षा दल, म्हणजे बीएसएफ, उभं राहिलं. त्याचे पहिले प्रमुख के. एफ. रुस्तमजी आपल्या कामठीचे. जन्म तिथला, शिक्षण नागपुरात, पोलिसातली नोकरी मध्य प्रांत-वऱ्हाडात सुरू झालेली. पाकिस्तान आणि बांगलादेशच्या सीमा राखणारं एवढं मोठं दल कामठीच्या माणसाने उभारलं, हे विदर्भातल्या शाळांत शिकवलं पाहिजे, असं मला फार वाटतं.

सीआरपीएफ, म्हणजे केंद्रीय राखीव पोलीस दल, त्याहून जुनं. १९३९ साली नीमचला संस्थानी कारभारासाठी निघालेलं हे पोलीस दल १९४९च्या कायद्याने आजच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. त्याचं काम मुख्यतः देशाच्या आत : दंगल, निवडणूक, नक्षलग्रस्त भाग. चीनच्या सीमेवर आयटीबीपी, नेपाळ-भूतानच्या सीमेवर एसएसबी, कारखाने आणि विमानतळांवर सीआयएसएफ. या पाच दलांना 'पॅरामिलिटरी' न म्हणता 'केंद्रीय सशस्त्र पोलीस दलं' म्हणावं, असं गृह मंत्रालयाने मार्च २०११मध्ये ठरवून दिलं. जुना शब्द खऱ्या अर्थाने लागू पडतो तो आसाम रायफल्सला. तिचा खर्च आणि कारभार गृह मंत्रालयाकडे, पण मोहिमेत हुकूम लष्कराचा, आणि पदंही लष्करी : रायफलमॅन, हवालदार, सुभेदार.

वर्तमानपत्रांनी मात्र 'निमलष्करी' सोडला नाही, आणि गडचिरोलीच्या बातम्यांत तो वाटेल तिथे लागतो. तिथल्या लोकांची भाषा जास्त नेमकी आहे. एटापल्ली-भामरागडकडच्या पोलीस मदत केंद्राला सगळे 'पोमके' म्हणतात. एकाच काटेरी कुंपणाच्या आत तिथे जिल्हा पोलीस, एसआरपी आणि सीआरपी राहतात, आणि गावकरी प्रत्येकाला वेगळं ओळखतात. 'सीआरपीवाले' म्हणजे बाहेरच्या राज्यांतले, हिंदी बोलणारे. 'एसआरपी' म्हणजे राज्याचं राखीव पोलीस बल. विदर्भात नागपूर, अमरावती, गोंदिया, देसाईगंज अशा ठिकाणी त्याचे गट आहेत. ते केंद्राचं नाही, त्यामुळे वरच्या पाचांत येत नाही. आणि 'सी-सिक्स्टी' म्हणजे १९९०मध्ये गडचिरोली जिल्हा पोलिसांनीच उभं केलेलं कमांडो पथक. बहुतेक पोरं त्याच मातीतली, गोंडी-माडिया बोलणारी. त्या पथकाला 'निमलष्करी' म्हणणं ही सरळ चूक आहे. पोलीस हा राज्याचा विषय. केंद्राचं दल येतं ते राज्याच्या मदतीला. कोण कुणाच्या हुकमाखाली आहे ते शब्दातून कळायला हवं, कारण उद्या तक्रार करायची किंवा शाबासकी द्यायची तर पत्ता त्यावरूनच ठरतो.

पहाटे डांबरी रस्त्याने पळणाऱ्या पोरांनाही हे पाठ असतं. 'जीडी'ची, म्हणजे केंद्रीय दलांतल्या कॉन्स्टेबल भरतीची, तयारी करणारा पाच किलोमीटर चोवीस मिनिटांत मारायच्या मागे असतो, आणि निवड झाली की गाव म्हणतं, "बीएसएफले लागला." निमलष्करीले लागला, असं मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

'निम' काढून 'सहलष्करी' करावं का? अर्थाने ते जवळ जातं, पण बोलतं कोण? नवा शब्द घडवायची इथे गरज नाही. एकत्रित उल्लेख करायचा तर 'केंद्रीय सशस्त्र पोलीस दलं', आणि एका माणसाबद्दल बोलायचं तर थेट त्याच्या दलाचं नाव. हिंदी पाट्यांवरचं 'सीमा सुरक्षा बल' मराठीत 'सीमा सुरक्षा दल'. आपण पोलीस दल, अग्निशमन दल म्हणतो तसं. 'राज्य राखीव पोलीस बल' हे मात्र अधिकृत नावच आहे, ते तसंच ठेवा.

आता फलक. वर मथळा 'आपल्या गावचे जवान' असा द्या. 'जवान' तिघांनाही लागू पडतो. 'माजी सैनिक' मथळ्यात घेऊ नका. सरकारी व्याख्येत तो शब्द भूदल, नौदल आणि हवाई दलातून निवृत्त झालेल्यांपुरता आहे, आणि घरपट्टीच्या सवलतीसारखी कामं त्याच्यावर अडतात. केंद्रीय पोलीस दलांतल्या निवृत्तांसाठी केंद्राने २०१२मध्ये वेगळी ओळख ठरवली, पण सैनिकाचे सगळे लाभ त्यांना आपोआप मिळत नाहीत. ग्रामपंचायतीच्या फलकावर एक आणि दाखल्यावर दुसरंच, असं झालं तर त्रास त्या कुटुंबालाच होतो. नावाखाली ओळ अशी : पहिल्यासाठी 'भारतीय भूदल', दुसऱ्यासाठी 'सीमा सुरक्षा दल', तिसऱ्यासाठी 'केंद्रीय राखीव पोलीस दल', आणि प्रत्येकासमोर निवृत्तीच्या वेळचं पद, त्यांच्या सेवापुस्तकात आहे तसंच. अक्षरं तिघांची सारख्याच आकाराची ठेवा.