.३०८ विंचेस्टरची केस: मोजायची कधी आणि काय बघायचं

उडवलेलं काडतूस पुन्हा भरायचं असेल, तर केसची (काडतुसाच्या पितळी नळकांड्याची) लांबी साइझिंग डायमधून (केस दाबून पुन्हा आकारात आणणाऱ्या साच्यातून) काढल्यावरच मोजा. डाय पितळ दाबते तेव्हा ते मानेकडे (गोळी धरणाऱ्या अरुंद टोकाकडे) सरकतं आणि केस लांबते. आधी घेतलेलं माप फसवं ठरतं. कमाल लांबी २.०१५ इंच, ट्रिम करायची (कापून आखूड करायची) २.००५ वर. मान जास्त लांब राहिली तर चेंबरच्या (रायफलमध्ये काडतूस बसतं त्या पोकळीच्या) टोकाला अडकून गोळीला आवळून धरते आणि दाब धोकादायक वाढतो. इथे चालढकल नको. ट्रिम झाल्यावर तोंडाची धार आतून-बाहेरून हलकेच मोडा. जास्त खरवडलंत तर तोंड सुरीसारखं पातळ होईल.

खांद्याचं (मानेखालच्या उताराचं) माप मात्र नुसत्या कॅलिपरने मिळत नाही, कंपॅरेटर (कॅलिपरला जोडून बुडापासून खांद्यापर्यंतचं अंतर मोजणारं साधन) लागतोच. आपल्याच रायफलमधून उडालेली केस मोजा, बोल्ट अ‍ॅक्शन (दर गोळीनंतर हाताने बोल्ट मागेपुढे करायची रायफल) असेल तर खांदा तिच्यापेक्षा १ ते २ हजारांश इंच मागे न्या. डाय सरसकट पूर्ण खाली बसवून प्रत्येक वेळी जास्त दाबलं, की बुडाजवळचं पितळ ताणून पातळ होतं. तिथे बाहेरून चकचकीत कडं दिसतं. टोक वाकवलेली बारीक तार आतून, बुडापासून वर फिरवा. खाच लागली तर केस टाकून द्या, मोह नको.

वंगण बेताचंच लावा. खांद्यावर साचलं की खळगे पडतात, कमी पडलं की केस डायमध्ये घट्ट अडकते.

अमेरिकेत छंद म्हणून केलं जाणारं काडतुसं पुन्हा भरण्याचं हे काम भारतात परवान्याशिवाय गुन्हा आहे, हे ध्यानात असू द्या.