जुन्या जपानी ब्राँझच्या प्राण्यांना संग्राहक एवढे पैसे का मोजतात? मी एखादा घ्यावा का?

पैसे त्याच्या कातडीचे असतात, म्हणजे धातूच्या वरच्या थरावर रसायनांनी आणलेल्या रंगाचे. धातूचं वजन धरलं तर मोडीत फारसं काही हाती येणार नाही.

1876 साली जपानी सरकारनं सामुराईंना कमरेला तलवार लावून फिरायला बंदी केली. तलवारीच्या मुठीवर सोन्याचांदीचं बारीक काम करणाऱ्या कारागिरांचं गिऱ्हाईकच गेलं. 1873 च्या व्हिएन्ना प्रदर्शनानंतर युरोपात जपानी वस्तूंना मागणी आली होती, तेव्हा बरेच जण फुलदाण्या, धूपदाण्या आणि प्राणी घडवायला लागले. संग्राहक ज्याला मेइजी ब्राँझ म्हणतात ते याच काळातलं, म्हणजे मेइजी सम्राटाच्या काळातलं, 1868 ते 1912.

आमचे दाजी इथेच वाद घालतात. "निर्यातीचा माल तो, त्यात कसली कला?" पण त्या काळचे ब्राँझ कारागीर सुझुकी चोकिची यांनी घडवून घेतलेले बारा ससाणे 1893 च्या शिकागो प्रदर्शनात मांडायलाच केले होते (विवेकानंद बोलले ती सर्वधर्मपरिषद त्याच प्रदर्शनाच्या निमित्तानं भरली होती). बाराही पक्ष्यांची बसण्याची ढब वेगळी. आज ते कानाझावाच्या राष्ट्रीय हस्तकला संग्रहालयात आहेत आणि जपान सरकारनं त्यांना महत्त्वाचा सांस्कृतिक ठेवा ठरवलंय. परदेशी पाठवायला केलं म्हणून हलकं, हे मला कधीच पटलेलं नाही.

क्योतोत नोकरीला असताना तोजी देवळाच्या आवारातल्या बाजारात (दर महिन्याच्या 21 तारखेला भरतो) मी एक वीतभर वाघ घेतला. अंग तपकिरी, पट्टे काळे. पट्टे कोरलेले नव्हते, रंगवलेलेही नव्हते. धातूवर रसायनांची प्रक्रिया करून दोन रंग आणलेले होते. त्याच्या खांद्यावर उजेड सरकला की आतला स्नायू हलल्यासारखा वाटायचा. तो मी साताऱ्याला आईकडे ठेवला. पुढच्या सुट्टीत आलो तर दाजींनी त्याला चिंच-मीठ लावून घासला होता. वाघ समईसारखा पिवळाधमक, आणि अंगावर एकही पट्टा नाही. "काळा पडला होता," म्हणाले. अहो, तो पडला नव्हता, केला होता! शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी जीव ओतून केला होता. दाजींनी प्रेमानंच केलं हे मला कळतं. तरी जुनी वस्तू लखलखली पाहिजे हा त्यांचा हट्ट अजून गेलेला नाही, आणि तो चूकच आहे.

तेव्हा, घासून चमकवलेला असेल तर निम्म्या किमतीतही घेऊ नका. सहीवर भाळू नका. पोटाखाली गेन्र्यूसाई सेइया हे त्या काळच्या ब्राँझ कारागिराचं नाव दिसलं की विक्रेते भाव चढवतात, पण सही मागाहूनही ठोकता येते. नखं, कानाच्या आतली बाजू, पायाच्या वळ्या बघा. ओतकाम उरकलेलं असेल तर तिथे लगेच कळतं. डोळा तयार करायचा तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातल्या जपानी वस्तू आहेत, त्या आधी निवांत बघून या. घेतल्यावर फक्त मऊ ब्रशनं धूळ झटकायची. हिरवी भुकटी सुटत असेल तर मात्र स्वतः काही लावू नका, धातूच्या जुन्या वस्तू सांभाळणाऱ्या जाणकाराला दाखवा.

आणि हो, हत्ती घेणार असाल तर सुळे नीट तपासा. काही हत्तींना खऱ्या हस्तिदंताचे सुळे असतात. भारतात हस्तिदंताचा व्यापार आणि आयात दोन्हींवर बंदी आहे, तसला हत्ती कितीही आवडला तरी तिथेच सोडा.