हिंगण्याचा प्लॉट की मानेवाड्याचा फ्लॅट?

प्रश्न: आम्हा दोघांची नोकरी नागपुरात बर्डीला. बचत 12 लाख, घरभाडं 11,000. हिंगणा रोडला येऊ घातलेल्या मेट्रोजवळ 34 लाखांचा 1,500 फुटांचा प्लॉट आहे, समोर नऊ मीटरचा रस्ता. दुसरीकडे मानेवाड्याला 38 लाखांचा जुना टू-बीएचके, बर्डीची बस दारातून. एजंट म्हणतो, बस आज आहे उद्या नाही, मेट्रो कायमची. शिवाय एफएसआय 4, म्हणजे प्लॉटच्या चौपट बांधकाम करायला मिळेल.

उत्तर: एजंटचं पहिलं म्हणणं खरंय. बसचा मार्ग एका आदेशाने बदलतो, मेट्रोचा खांब जागचा हलत नाही. त्या भरवशावरच रुळांलगतच्या जमिनी चढतात, आणि नागपूर मेट्रोच्या दोन्ही बाजूंना 500 मीटरपर्यंत वाढीव एफएसआयचं धोरणही त्यातूनच आलं. पण 4 हा आकडा रुंद रस्त्यावरच्या मोठ्या भूखंडासाठी आहे, तोही प्रीमियम, म्हणजे जादा शुल्क भरून. तुमच्या प्लॉटला तो लागू होणार नाही. भाव मात्र एजंट त्याचाच लावतोय!

लोकमान्य नगरला आजची मेट्रो संपते. हिंगण्यापर्यंतच्या वाढीव मार्गाला डिसेंबर 2022 मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, तरी गाडी धावेपर्यंत तुम्हाला भाड्यानेच राहायचंय. मे महिन्यात दुपारी मी त्या बाजूला पायी फिरले. एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या लांबच लांब भिंती, मध्ये ना दुकान ना सावली. नकाशावरचे 500 मीटर पायाखाली बरेच वाढतात. स्टेशनभोवती दाट वस्ती, शाळा, बाजार असेल तरच मेट्रोचा खरा फायदा घराला मिळतो.

आता हप्त्यांचं बघा. साडेआठ टक्के दराने 20 वर्षांसाठी प्लॉटचं 22 लाखांचं कर्ज म्हणजे महिन्याला सुमारे 19,100. भाडं धरून 30,100. फ्लॅटच्या 26 लाखांना 22,600, त्यात 1,500 मेंटेनन्स धरलं तरी प्लॉटच्या मानाने महिन्याला 6,000 हातात उरतात. स्टँप ड्युटी, नोंदणीचे पैसे मात्र वेगळे काढा. शहरात त्यात 1 टक्का मेट्रो अधिभारही असतो, बसने जाणाऱ्यालाही तो चुकत नाही.

माझं मत फ्लॅटच्या बाजूने आहे. दोन वर्षांत प्लॉटवर बांधून राहायला जाणार असाल, तरच पुन्हा विचार करू. मानेवाड्याकडे गुंठेवारीतले, म्हणजे परवानगीशिवाय तुकडे पाडून विकलेले लेआउट बरेच आहेत. आरएल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं रिलीज लेटर, आणि मंजूर नकाशा स्वतः पाहिल्याशिवाय टोकन देऊ नका.