सुरुवात बिलिंग्जपासून करावी

आपण अमेरिकेच्या आरंभीच्या भक्तिपर समूहगायनाकडे नव्याने वळत आहात, म्हणून प्रथम विल्यम बिलिंग्ज (१७४६–१८००) ऐकावा, असे मी आग्रहाने सुचवतो. बॉस्टनमध्ये कातडी कमावणाऱ्या या माणसाने १७७० मध्ये स्वतःच्याच रचनांचा संग्रह छापला. त्याची ‘व्हेन जीझस वेप्ट’ ही रचना चार जणांनी मिळून गाऊन पाहावी. तीच चाल प्रत्येक जण थोड्या अंतराने उचलतो आणि त्यातूनच सुसंवाद उभा राहतो.

त्यानंतर न्यू हेवनच्या डॅनिएल रीडची ‘शेरबर्न’ घ्यावी. तिच्या आरंभी सर्व आवाज एकत्र चालतात, मग क्षणभर थांबून एकामागून एक प्रवेश करतात, शब्द एकमेकांवर चढतात आणि शेवटी सारे पुन्हा एकत्र येतात. हा क्षण माझ्या मते या परंपरेचा प्राण आहे. येथे मुख्य चाल सर्वांत वरच्या आवाजात नसून टेनर या मधल्या पट्टीच्या आवाजात असते. ती वर शोधत बसल्यामुळे माझी कित्येक वर्षे वाया गेली, म्हणून हे मुद्दाम सांगतो. पुष्कळ स्वरमेळांत गंधार गाळलेला असतो. तंबोऱ्याच्या षड्ज-पंचमाला सरावलेल्या कानाला तो पोकळपणा परका वाटू नये.

स्वरलेखनाची धास्ती बाळगू नका. १८४४ च्या ‘सेक्रेड हार्प’ या संग्रहात फा त्रिकोणाने, सोल वर्तुळाने, ला चौकोनाने आणि मी हिरकणीच्या आकाराने दाखवला आहे. तेथील गायक आजही आधी ही स्वरनामे गातात आणि मगच शब्द. आपणही तोच क्रम पाळावा.