प्रौढ शिक्षणामुळे खरंच समाज बदलतो का?

बदलतो, पण नुसती सही शिकवून नाही. शिकणाऱ्याच्या रोजच्या अडचणीतून धडा निघाला, तरच.

आंध्रातल्या नेल्लोर जिल्ह्याचं उदाहरण घ्या. १९९० च्या सुमारास तिथे साक्षरता मोहीम सुरू झाली. दिवसभर राबून बायका रात्रीच्या वर्गाला येऊ लागल्या. वाचनपाठात दारूपायी मोडणाऱ्या संसाराची गोष्ट होती. वाचता वाचता चर्चा सुरू झाली, कारण ते सगळ्यांच्या घरातलंच होतं. दुबगुंटा गावातल्या बायकांनी एकजुटीने गावातली दारू बंद पाडली. तीच हकीकत पुढे पाठात आली आणि गावोगावी पोचली. १९९२ मध्ये बायकांनी थेट दारूविक्रीच्या ठेक्यांचे लिलाव रोखले. १९९३ मध्ये राज्यभर अरकावर (स्वस्त देशी दारूवर) बंदी आली. वर्ग नसते तर इतक्या बायका रोज एकत्र बसल्या तरी असत्या का?

अमेरिकेत दक्षिण कॅरोलिनातल्या जॉन्स बेटावर १९५७ मध्ये असाच वर्ग उभा राहिला. मतदार नोंदणीसाठी वाचता येण्याची अट होती आणि कृष्णवर्णीयांना तिथेच अडवलं जायचं. म्हणून धडाच नोंदणीच्या अर्जाचा! शिकवणाऱ्या बाई ब्युटीपार्लर चालवायच्या, शाळेतल्या शिक्षिका नकोत म्हणून मुद्दाम तशाच निवडलेल्या. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण मोठ्या माणसांना लहान मुलांसारखं शिकवलं की ती आठवड्याभरात यायची बंद होतात. बहुतेक सरकारी वर्ग माझ्या मते इथेच फसतात.