पाणी आधी काट्यावर दिसतं

चोपडा तालुक्यातल्या एका ताईंनी लिहिलंय: "यांच्या हार्टचं पंपिंग ३० टक्केच आहे. दोनदा ॲडमिट झाले. मिठावरून रोज भांडण. काही विचारलं की 'माले काही व्हयेल नही' म्हणतात आणि भिंतीकडे तोंड करून झोपतात. रात्री चारदा उठून मी यांचा श्वास बघते. दिवसा खेकसते, मग रडते. माझी बीपीची गोळी घेतली की नाही तेही आठवत नाही. मुलगा पुण्याला. मी वाईट बायको आहे का?"

ताई,

वाईट बायको रात्री चारदा उठत नाही. पण असं जागून तुम्हीच आडव्या व्हाल, म्हणून आधी झोपेचं बघू.

ही राखण बरीचशी सकाळी करता येते. पंप कमजोर झाला की किडनी मीठ-पाणी धरून ठेवते. ते पाणी बहुतेकदा आधी वजनकाट्यावर दिसतं, मग पायाच्या सुजेत, मग श्वासात. काटा फरशीवर ठेवा, गादी-सतरंजीवर नको. सकाळी लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी, रोज सारख्या कपड्यांत वजन करायचं. आकडा कॅलेंडरवर त्यांनीच लिहायचा. तुम्ही लिहिलात तर तो पहारा होतो. ३ दिवसांत २ किलो वाढलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. उशा वाढवाव्या लागल्या किंवा रात्री दम लागून उठून बसले, तरीही. बसल्या जागी दम कमी होत नसेल, शुद्ध हरपली, तर थेट १०८. वैशाखात उलटंही होतं: घाम जातो, लघवीची गोळी चालूच असते, वजन उतरतं आणि उभं राहिलं की चक्कर येते. तेव्हाही फोन करा. गोळी किंवा पाण्याचं माप आपल्या मनाने बदलू नका.

आता मीठ. साधारण हिशोब असा की दिवसभराचं सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक सपाट छोटा चमचा. नेमकं माप डॉक्टरांकडून घ्या. भांडण भाजीवरून होतं, पण खरं मीठ शेव, पापड, बिबडे, लोणच्यात बसलेलं असतं. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) पिठात तर दळतानाच मीठ पडतं, त्यामुळे त्यांच्यापुरती साधी ज्वारीची भाकरी थापा. त्यांचं वरण आधी काढून ठेवा, मग बाकीच्यांसाठी मीठ घाला. भरीत मात्र करा. भाजलेल्या वांग्याचा धूर, लसूण, हिरवी मिरची असली की मीठ फारसं आठवत नाही. 'कमी सोडियम'चं मीठ विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि हार्टच्या काही गोळ्यांसोबत ते रक्तात धोकादायक वाढतं. गुडघे दुखले म्हणून मेडिकलवरून दुखण्याची गोळी आणणं तर बंदच. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी अंगात पाणी साठतं.

भिंतीकडे तोंड का, हे शोधावं लागेल. थकवा या आजारातही असतो आणि उदासीतही, म्हणून उदासी सहज निसटते. अंदाज दोन प्रश्नांत येतो: गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन खिन्न होतं का? आवडीच्या गोष्टींतही रस उरला नाही का? एकाचंही उत्तर हो असेल तर पुढच्या तपासणीला डॉक्टरांना तसं सांगा. यावर उपचार आहेत. संध्याकाळी ओट्यावर शेजारी बसून विचारा, मुलाला स्पीकरवर घेऊन नको. 'जगून काय करू' असं बोलले तर सरळ विचारा, 'मरायचा विचार येतो का?' विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. फवारणीचं औषध मात्र आजच कुलुपात टाका, किल्ली तुमच्याकडे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, मोफत असतो, मराठीतही बोलतात. तो तुमच्यासाठीही आहे.

त्यांना बसल्या बसल्या होणारं काम परत द्या. ठिबकची पाळी, केळीचा रोजचा भाव, मजुरांचा हिशोब यातलं जे पूर्वी त्यांचं होतं ते.

मुलाला 'मदत कर' म्हणू नका, ते हवेत जातं. नेमकं वाटून द्या: औषधं संपायच्या ८ दिवस आधी मागवायची, डॉक्टरांना फोन त्यानेच करायचा, आणि महिन्यातून दोन रात्री इथे मुक्काम. त्या दोन रात्री तुम्ही दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपायचं.

तुमची बीपीची गोळी त्यांच्या गोळ्यांच्या डबीशेजारी वेगळ्या डबीत ठेवा, वार लिहून. सकाळी ते काट्यावर चढले की तुमची गोळी तोंडात.