रांगेत कोणी मध्येच घुसलं की, आपलं नुकसान नसतानाही इतका राग का येतो?

तो तुमच्या मागे घुसला तरी मान वळतेच, आणि 'ओ, रांग तिकडून आहे' हे तोंडातून निघून जातं. नफातोट्याचा हिशेब इथे चालतच नाही.

अर्न्स्ट फेर आणि सायमन गेख्टर या अर्थशास्त्रज्ञांचा २००२ सालचा प्रयोग बघा. चार-चार जणांचे गट, प्रत्येकाने सामाईक गंगाजळीत पैसे टाकायचे. काही फुकटे काहीच न टाकता वाटा उचलत. पदरचं एक नाणं खर्च केलं की अशा माणसाची तीन कापता येत. दर फेरीला गट बदलायचा, म्हणजे शिक्षा करणाऱ्याला पुढे काही मिळणार नव्हतं. तरीही लोकांनी पैसे मोजून शिक्षा केल्या! ती सोय असताना लोक जास्त पैसे टाकत. काढून घेतली की कमी.

हे सगळं न्यायबुद्धीतूनच येतं असं मात्र मला वाटत नाही. चुकणाऱ्याला चारचौघांत झापणारा इतरांना विश्वासू वाटतो, तो फायदा आहेच. शिवाय दुसरा घुसला की तो निर्लज्ज. आपण घुसलो की 'अहो, गाडी सुटत होती'.